आईला शिकवलेले शंभर प्रश्न

सोनई, २४ नोव्हेंबर २०२५

आई,

मामाने काल तुझा निरोप दिला. तू नापास झालीस म्हणे.

दहापैकी सहा हवी असताना चारच उत्तरं आली आणि वाचायला दिलेलं वाक्य वाचता आलं नाही, एवढंच त्याला कळलं होतं. बाकीचं मी तिकडच्या सरकारच्या वेबसाइटवर वाचलं. दुसरी संधी १० फेब्रुवारीला. तिसरी नाही. मग पुन्हा नवा अर्ज आणि पुन्हा वर्षभर वाट. तुझ्या वकीलबाई काय म्हणाल्या ते मामाने मला तीनदा ऐकवलंय. मी एकवीस पूर्ण करायच्या आत तू अमेरिकेची नागरिक झालीस, तर मुलगी म्हणून मला लवकर बोलावता येईल. एकवीस झाली की माझं नाव दुसऱ्या रांगेत जाईल आणि ती रांग आठ-दहा वर्षांची असते. मधेच माझं लग्न झालं तर त्याहून लांब.

माझा वाढदिवस ३ मार्चला असतो. लक्षात असेलच.

मी तुला शिकवते. नेवाशाच्या क्लासमध्ये चाळीस मुलामुलींना इंग्रजी शिकवतेच, त्यांच्यात आणखी एक. पण फोनवर बोलणार नाही. तुझा आवाज आला की मी पुन्हा आठ वर्षांची होते, आणि आठ वर्षांच्या मुलीला काय शिकवता येणार? मी वहीत लिहीन आणि पानाचा फोटो पाठवीन. तू उत्तरं रेकॉर्ड करून पाठव. रेकॉर्डिंग मला मधेच बंद करता येतं.

आजी बरी आहे. थोडा खोकला आहे.

सृष्टी

३ डिसेंबर

आई,

तुझी दहा रेकॉर्डिंगं ऐकली. तुला उत्तरं माहीत आहेत, पण समोरचा नेमकं काय विचारतोय तेच कळत नाही. त्यामुळे घाबरून तू जे पाठ असेल ते म्हणतेस. राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात, असं विचारल्यावर तू ‘वॉशिंग्टन’ म्हणालीस. म्हणून यापुढे आधी प्रश्नातला पहिला शब्द ऐकायचा. ‘हू’ म्हणजे माणसाचं नाव सांगायचं. ‘हाउ मेनी’ म्हणजे आकडा. ‘व्हॉट’ आला की जरा थांबायचं.

आता सिनेट. आपल्या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. समज, प्रत्येक तालुक्यातून दोन माणसं निवडून नगरला पाठवायची. संगमनेर केवढं मोठं, तरी तिथून दोनच. जामखेडमधूनही दोनच. त्यांच्याकडे तालुक्याच्या जागी राज्यं आहेत, पन्नास. पन्नास दुणे शंभर. ‘हंड्रेड सिनेटर्स.’ सहा वर्षांसाठी. आपल्या सरपंचाला पाच मिळतात, त्यापेक्षा एक जास्त, असं धर.

त्यांच्या राज्यघटनेचे पहिले तीन शब्द, ‘वुई द पीपल’. आपलीही ‘आम्ही भारताचे लोक’ अशीच सुरू होते. तू रेकॉर्डिंगमध्ये ‘वी द पिंपळ’ म्हणालीस. मी वर्गात होते, हसू आवरेना. रेश्मा म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, नर्सिंग करते. तिने विचारलं, ‘मॅडम, कुणाचा मेसेज?’ मी म्हटलं, ‘एका शिकणाऱ्या बाईंचा.’

नाण्यांबद्दल तू विचारलंस. मोटेलच्या लाँड्रीत दिवसभर मशीनमधून नाणी काढतेस आणि त्यांची नावं येत नाहीत, याची तुला लाज वाटते म्हणालीस. त्यात तुझी चूक नाही. मी फोटो मोठे करून बघितले. त्यांच्या दहा सेंटच्या नाण्यावर दहाचा आकडाच नाही. ‘वन डाइम’ लिहिलंय फक्त. त्यात ते पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान. नवीन माणसाने ओळखायचं कसं? तांबूस असतो तो पेनी, एक सेंट. निकल पाचाचा. सगळ्यात बारका तो डाइम, दहाचा. तुझ्या मशीनमध्ये जातो तो क्वार्टर, पंचवीस सेंट. रोज एकेक हातात घे आणि नाव मोठ्याने म्हण. परीक्षेत नाण्यांवर प्रश्न नसतो, पण वाचनाच्या शब्दांत ‘डॉलर बिल’ आहे. आपल्याकडे बिल म्हणजे दुकानदार देतो तो कागद, त्यांच्याकडे बिल म्हणजे नोट. ‘जॉर्ज वॉशिंग्टन इज ऑन द डॉलर बिल.’ हे वाक्य वीस वेळा लिही आणि फोटो पाठव.

सृष्टी

१९ डिसेंबर

आई,

तू विचारलंस, ‘सृष्टे, तू अजून चिडली हायस का माझ्यावर?’

व्हय. आहे.

आता विचारलंच आहेस तर ऐक. पप्पा गेल्यावर तू पुण्याला त्या म्हाताऱ्या बाईंची सेवा करायला गेलीस. ते मला समजलं होतं, तू महिन्याला यायचीस. मग त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाशी लग्न केलंस. त्यालाही माझं काही म्हणणं नव्हतं, आठव्या वर्षी म्हणणं कसलं असतं? तू मला सांगितलंस, ‘चार महिन्यांनी तुला न्यायला येते.’ मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं. वर्गाच्या बाईंनाही सांगितलं. चौथ्या महिन्यात मी बाईंकडून माझी चित्रकलेची वही परत मागून घेतली, कारण मी आता शाळा सोडणार होते. पाचव्या महिन्यात ती पुन्हा जमा करायला गेले, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या माणसाला मी नको होते, हे मला आजीने सोळाव्या वर्षी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले आणि लगेच तू मला तिकडे नेण्याचा अर्ज भरलास, हेही मला माहीत आहे. मी तुला वाईट म्हणत नाही. पण चार महिने का म्हणालीस? ‘माहीत नाही’ का म्हणाली नाहीस?

इकडचंही सांगते. मामाने श्रीगोंद्याकडचं स्थळ आणलंय. मुलगा साखर कारखान्यात आहे. मामा वाईट माणूस नाही. म्हणतो, ‘माझ्या आईच्या डोळ्यादेखत तुझं झालं पायजे. त्या अमेरिकेचा काय भरवसा?’ मी त्याच्याकडून ३ मार्चपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या दिवसापर्यंत तुझं झालं नाही, तर मी त्या मुलाला नाही म्हणू शकणार नाही. मला ते लग्न नको आहे, आई. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक ते पन्नास प्रश्न रविवारपर्यंत.

सृष्टी

१३ जानेवारी २०२६

आई,

आजीचा घसा बसलाय, म्हणून ती फोनवर येत नाही. डॉक्टरांनी बोलायचं नाही असं सांगितलंय. मामाला फोन करत जाऊ नकोस, त्याच्यामागे फार कामं आहेत. जे असेल ते मला विचार.

प्रश्न ५१ ते १०० सोबत आहेत. ‘रूल ऑफ लॉ’ तुला समजत नव्हतं. त्याचा अर्थ एवढाच, की कायदा सगळ्यांना सारखा. पुढाऱ्याला, पोलिसाला, अध्यक्षालासुद्धा. कोणीही कायद्यापेक्षा मोठा नाही. ‘नो वन इज अबव्ह द लॉ.’ पाठ कर. जास्त विचार करू नकोस.

रोज वीस प्रश्न. रोज पाठव. एक दिवसही चुकवू नकोस. हात जोडते.

सृष्टी

३१ जानेवारी

आई,

हे पान बसून वाच.

आजी गेली.

११ जानेवारीला, रविवारी सकाळी, नगरच्या दवाखान्यात. निमोनिया झाला होता. डिसेंबरच्या शेवटीच तिला नेलं होतं, तेही मी तुला सांगितलं नाही. घसा बसला वगैरे सगळं खोटं होतं. मी ते पान लिहिलं तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते, बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि मी आत बसून तुला रूल ऑफ लॉ समजावत होते.

मामा तुला व्हिडिओवर दाखवणार होता. त्याने तुझा नंबर काढला होता. मी त्याच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. तो म्हणाला, ‘सृष्टे, तिची आई हाय ती. एकदा तोंड तरी बघू दे.’ मी म्हटलं, ‘तिला कळलं तर ती परीक्षेला बसणार नाही. मग माझं काय?’ चारचौघांत बोलले मी असं. मामा म्हणाला, ‘तू रुपीवरच गेलीस.’ म्हणजे तुझ्यावर. मी सगळ्यांना बजावलं, कुणीही कळवायचं नाही. दहावा झाला, तेरावा झाला. कावळा लवकर शिवत नव्हता. शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, ‘तिची लेक राहिली ना.’ मी तिथून उठून गेले.

दहा तारखेनंतर सांगायचं ठरवलं होतं. पण काल तू रेकॉर्डिंगच्या शेवटी म्हणालीस, ‘आईला म्हनावं, पास झाले की पहिला फोन तुलाच करते.’ मी ते चारदा ऐकलं. पुढचे दहा दिवस तुझ्याकडून हे रोज ऐकणं मला जमणार नाही. तू मला चार महिने म्हणालीस तेव्हा तुला असंच काहीतरी वाटलं असेल, की हिच्या भल्यासाठीच आहे, नंतर सांगू. मला तसं व्हायचं नाही. उशीर झालाय, पण सांगते.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, ‘रुपी आली का?’ मी ‘येतेय’ म्हटलं. तेही खोटंच.

मी परीक्षेला जा असं म्हणत नाही. तसं म्हणायचा मला हक्क उरलेला नाही.

सृष्टी

४ फेब्रुवारी

आई,

चार दिवस झाले. पान तू बघितलंस, दोन निळ्या खुणा दिसतात. एक शब्द तरी पाठव. शिव्या पाठव. मामाने फोन लावला तर तो बंद लागतो. तुझ्या मोटेलचा नंबर शोधून तिथे फोन केला. मी! ज्या मुलीने फोनवर बोलणार नाही म्हणून अट घातली होती, ती ओहायोतल्या कुठल्या तरी माणसाला विचारत होती, ‘प्लीज टेल मी, इज माय मदर ओके?’ तो म्हणाला, ती रविवारपासून कामावर आलेली नाही.

आई, तू एकटी राहतेस. तिकडे बर्फ पडतोय असं दाखवतात. तुझ्या खोलीत कोण येणार बघायला? तुझी एखादी मैत्रीण आहे का, शेजारी कोण राहतं, मला काहीच माहीत नाही. अडीच महिने मी तुला शंभर प्रश्न विचारले आणि हा एक विचारला नाही.

परीक्षा जाऊ दे. श्रीगोंद्याला मी हो म्हणेन, त्याने काही मरणार नाही. तू फक्त जेव.

सृष्टी

८ फेब्रुवारी

आई,

क्लासला गेले नाही. तीन दिवस घरातच आहे. मामी ताट वाढून ठेवते आणि उचलून नेते. मामा म्हणाला, ‘तिकडच्या पोलिसांना कळवता येतं का बघ.’ मी तो नंबर शोधून ठेवलाय. उद्या दुपारपर्यंत तुझं काही आलं नाही तर लावणार.

काहीतरी बोल गं.

सृष्टी

१२ फेब्रुवारी

आई,

सोमवारी नऊ तारखेला तुझा एवढाच मेसेज आला, ‘जिती हाय. उद्या जाते.’ आणि काल सकाळी आलेलं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग मी, मामा आणि मामी तिघांनी मिळून ऐकलं. मामा मधेच उठून गेला. नंतर मी एकटीने पुन्हा ऐकलं. तू जे बोललीस ते मी वहीत उतरवून ठेवलंय, शब्द न् शब्द:

‘पाच दिस मी अंथरुनातून उठले न्हाई. शेजारची बाई, मेक्सिकोकडची हाय, ती सूप घिऊन यायची. तिला माझी भाषा येत न्हाई, मला तिची. मी आईचा फोटो दाखवला, ती रडली माझ्यासंगं. सृष्टे, आईचं तोंड तू मला बघू दिलं न्हाई. हे मी इसरनार न्हाई. तुला खोटं कशाला सांगू? पन मी तुझ्याशी जे केलं ते बी तू इसरू नको. दोगी बी ध्यानात ठेवू. पन बोलत ऱ्हा.’

मग परीक्षेचं. तू म्हणालीस, ‘सायेब उंच हुता, चष्म्याचा. आठ प्रश्नांत सहा बरोबर आले तवा तो म्हनला, बास. वाचायचं वाक्य आलं ते बी वाचलं. पास म्हनला. आन मग कागुद दिला, शपथेची तारीख तेरा मार्च.’

इथे मामी ‘अगं बाई’ म्हणाली. शपथ झाल्याशिवाय नागरिक होता येत नाही, आणि तेरा मार्चला मी एकवीसची झालेली असणार.

‘मी कागुद परत त्याच्याकडं सारला. तू शिकिवलेलं एक बी वाक्य त्यात बसंना. मग आलं तसं बोलले. नो सर. माय डॉटर, थ्री मार्च, ट्वेंटीवन. आफ्टर, नो कम. ट्वेल्व्ह इयर आय नो सी. माय मदर डेड, जानेवारी. आय नो गो. प्लीज सर, नॉट थर्टीन. त्यानं कागुद घेतला आन गेला. मला वाटलं, पास केलेलं बी काढून घेतोय आता. लई येळ बसले. अर्धा तास तरी आसंल. आला तवा दुसरा कागुद हुता. फेब्रुवारी सव्वीस. म्हनला, आय अॅम सॉरी फॉर युवर मदर.’

आई, त्या बोलण्यात क्रियापद जवळजवळ नाहीच. मी वर्गात असं वाक्य आलं की लाल पेन चालवते. काल संध्याकाळी वर्गावर गेले तेव्हा कुणी पुस्तक उघडायच्या आधी मी त्यांना सांगितलं, की आज चुका झाल्या तरी बोला.

तुला राग येऊ दे. मला तो चालेल.

सृष्टी

२७ फेब्रुवारी

आई,

फोटो मिळाला. निळा स्वेटर, हातात छोटा झेंडा. तू हसत नाहीस. फोटो काढणाऱ्याने सांगितलं असेल, तरी नाहीस.

तू विचारलंस, ‘शपथेत एक शब्द हुता, रिनाउन्स. सगळे म्हनले तसं मी बी म्हनले. त्याचा अर्थ काय गं?’

शपथेचा कागद माझ्याकडे डिसेंबरपासून आहे. तो शब्द मी मुद्दाम शिकवला नाही. रिनाउन्स म्हणजे सोडून देणे. दुसऱ्या कुठल्याही देशाशी असलेली निष्ठा मी सोडते, असं त्या वाक्यात आहे. इथल्या कायद्याने दोन देशांचं नागरिक राहता येत नाही, त्यामुळे तू आता भारताची नागरिक नाहीस. आधी सांगितलं असतं तर तुझी जीभ अडखळली असती, असं मला वाटलं. पुन्हा तुझ्या वतीने मीच ठरवलं. हे लपवणं शेवटचं.

वरचं एवढं पान आधी पाठवलं, तर तासाभराने तुझा आवाज आला, ‘म्हंजी मी सोनईची ऱ्हायले न्हाई व्हय?’

मी वही बाजूला ठेवली आणि फोन लावला. पहिल्यांदा. मग तू म्हणालीस, ‘जेवलीस का?’ आणि मी रडले ते तू ऐकलंसच.

मामाने श्रीगोंद्याला नकार कळवला. स्वतः जाऊन सांगून आला. घरी आल्यावर म्हणाला, ‘लोक चांगले हायेत. राग न्हाई त्यांचा.’ मी चहा केला त्याच्यासाठी. कप खाली ठेवून तो म्हणाला, ‘आई आसती तर पेढे वाटले आसते का रडली आसती, सांगता येत न्हाई.’ मी म्हटलं, दोन्ही.

माझ्या अर्जाचं आता पुढे सरकेल असं वकीलबाई म्हणतात. मी येईन की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. तू दार उघडलंस. आत यायचं की नाही ते ठरवायला मला थोडा वेळ दे. माझे चाळीस जण इथे आहेत.

सृष्टी

२६ मार्च

आई,

तुझा नवा पासपोर्ट आला, फोटो मिळाला. आता इकडे यायचं तर तुला भारताचा व्हिसा काढावा लागणार. तू म्हणालीस, ‘माझ्याच गावाला यायला परवानगी कुनाची मागायची?’ मी हसले, पण मामाला हसू आलं नाही.

अर्ज ऑनलाइन आहे. काल क्लास सुटल्यावर मी तो भरायला बसले. नाव, रुपाली. जन्मगाव, सोनई. आईचं नाव या रकान्यात आजीचं लिहिलं, रतनबाई. पूर्वीचं नागरिकत्व, भारतीय. हा ‘पूर्वीचं’ शब्द टाइप करायला वेळ लागला. येण्याचं कारण निवडायचं होतं, त्यात ‘नातेवाइकांना भेटणे’ होतं. आईचा अंत्यविधी चुकला म्हणून येत आहे, असं कारण त्या यादीत नव्हतं.

भारतात ओळख कोणाची, असा एक रकाना होता. मामाचं नाव टाकणार होते, घर त्याचं आहे. मग माझं टाकलं. नात्याच्या पुढे ‘मुलगी’.

त्यानंतर, शरीरावर दिसेल अशी खूण. रेश्मा शेजारी बसून वाचत होती. ती म्हणाली, ‘मॅडम, हे राहू द्या, त्यांना फोन करून विचारा. इतक्या वर्षांत कसं आठवेल?’

मला विचारावं लागलं नाही. उजव्या हाताच्या करंगळीचं टोक नाही. लग्नाआधी ऊसतोडीला गेली होतीस तेव्हा कोयत्याने गेलेलं. लहानपणी मी तेच बोट धरून झोपायचे, बाकीच्या बोटांपेक्षा ते माझ्या मुठीत नीट मावायचं. मी ते इंग्रजीत लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

सगळं भरून झालंय. येण्याची तारीख तेवढी रिकामी आहे. ती तू सांग, मी लिहिते.

सृष्टी